१८ इंची झाकणवाली कोळशाची ग्रिल आणि पिझ्झा स्टोन : घरच्या पिझ्झासाठी घ्यावी का?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. झाकणवाली १८ इंची कोळशाची ग्रिल आणि त्यावर ठेवायचा पिझ्झा स्टोन, म्हणजे ज्यावर पिझ्झा भाजायचा ती जाड सपाट थाळी, ही जोडी घ्यावी का, तर हो, नक्की घ्या, पण दोन अटींवर. एक म्हणजे तुमच्याकडे खरोखर उघडी जागा हवी, आणि दुसरं म्हणजे खोक्यातून काढून जशीच्या तशी वापरायची तयारी असेल तर नको, कारण थोडी जुळवाजुळव करावीच लागते. ती केली की साध्या ओव्हनमधे कधीच होणार नाही असा पिझ्झा घरी होतो, कडा फुगलेल्या, वर काळे ठिपके, खालून करकरीत आणि आतून मऊ. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण याच साच्यातल्या ग्रिल ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी मिळतात, स्टिकर बदलतं, आतला माल बहुतेक तोच. गोल भांडं, घुमटासारखं झाकण, तीन पाय, दोन चाकं, खाली राखेचं ताट, वर आणि खाली हवेच्या झडपा. अशी कुठलीही घेतलीत तरी खालचं सगळं लागू पडेल.

आम्ही राहतो नवी मुंबईत बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजमधे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही वसाहत चार्ल्स कोरियांनी ८०च्या दशकात डिझाइन केली, बैठी आणि एक मजली घरं, मधे चौक आणि प्रत्येक घराला स्वतःचं थोडं तरी उघडं आकाश. त्यामुळे अंगणात ग्रिल लावायला कुणाची परवानगी लागत नाही, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवते इतकंच, आणि बहुतेक वेळा तेही ताट घेऊन येतात. नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोलीला रो हाऊसवाले भरपूर आहेत, त्यांनाही हे जमेल. फ्लॅटवाल्यांनी मात्र हा परिच्छेद नीट वाचा. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि बंद जागेत तो जीव घेतो. स्लाइडिंगच्या काचा लावलेली बाल्कनी ही बंद जागाच धरायची, "एक काच उघडी ठेवू" हे चालत नाही. ड्राय बाल्कनीत नाही, जिन्यात नाही, गॅरेजमधे शटर अर्धं ओढूनही नाही. सोसायटीच्या गच्चीवर लेखी परवानगी मिळत असेल तरच, आणि तिथेही पाण्याची बादली आणि वाळू जवळ हवी. हे पटत नसेल तर सरळ इलेक्ट्रिक ओव्हन घ्या, त्यातही खाण्यासारखा पिझ्झा होतो.

आता एवढा खटाटोप कशासाठी. आपल्याकडचे बहुतेक ओटीजी, म्हणजे घरचे छोटे इलेक्ट्रिक ओव्हन, २३० किंवा २५० अंशांवर थांबतात. तेवढ्या आचेवर पिझ्झाला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात बेसमधलं पाणी उडून जातं, म्हणून तो कडक आणि कोरडा होतो, चीज तेल सोडतं आणि कडेला रंग मात्र येतच नाही. नेपल्समधे १९८४ साली स्थापन झालेली एक संघटना आहे, अस्सल नेपोलिटन पिझ्झा कसा असावा याचे नियम तीच ठरवते. तिच्या नियमात ओव्हनचा तळ ३८० ते ४३० अंश आणि घुमट ४८५ अंशांच्या आसपास असावा लागतो आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मधे युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली ती काही उगाच नाही, दीड मिनिटात सगळा खेळ असतो. आपली ग्रिल तिथपर्यंत जात नाही, हे आधीच सांगते. पण नीट पेटवली तर स्टोन ३०० ते ३५० पर्यंत जातो आणि पिझ्झा चार ते सहा मिनिटांत होतो, आणि अडीचशे ते साडेतीनशे या मधल्या शंभर अंशांत चवीचा जो फरक पडतो तो खाल्ल्याशिवाय कळणार नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की ग्रिल म्हणजे जाळी आणि निखारे, मग पनीर टिक्का करायची उघडी शेगडी काय वाईट. पिझ्झासाठी वाईट, कारण वरून आच नाही. झाकणवाल्या ग्रिलची कल्पना १९५२ची, शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधे जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस कामाला होता, तिथे पाण्यात तरंगणारे धातूचे बोये बनत, त्याने अशाच एका गोलाचे दोन भाग करून खालचं भांडं आणि वरचं झाकण केलं. तोच आकार आजपर्यंत चालू आहे. झाकणामुळे गरम हवा आत फिरते, निखाऱ्याची आच घुमटावर आदळून परत खाली येते, आणि झडपा कमीजास्त करून हवा सोडता येते. पिझ्झाला हेच लागतं.

पण खरी गोची इथेच आहे आणि मला सगळ्यात जास्त याच्यावर लिहायचंय कारण कुठल्याच सूचनापत्रकात ते नाही. कंपनीचं पत्रक म्हणतं कोळसा मधे पसरा, जाळी ठेवा, जाळीवर स्टोन ठेवा, झाकण लावा, पिझ्झा टाका. तसं केलं की तळ दोन मिनिटांत काळा आणि वरचं चीज धड वितळलेलं पण नाही. कारण उघड आहे, निखारे स्टोनच्या बरोबर खाली आहेत, स्टोन पाचशेच्या दिशेने चाललाय आणि झाकणाखालची हवा अजून दोनशेवर रेंगाळतेय. मग लोक आच कमी करतात, मग वर आणखीच काही होत नाही, आणि मग रिव्ह्यूमधे लिहितात की ग्रिलवर पिझ्झा होत नाही. होतो, फक्त खालची आच कमी आणि वरची जास्त करायची.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, कोळसा मधे नाही, भांड्याच्या कडेकडेने लावायचा, घोड्याच्या नालाच्या आकारात, उघडी बाजू आपल्याकडे, स्टोनच्या खाली एकही निखारा नको. मग गरम हवा कडेने वर चढते, झाकणाला लागून पिझ्झावर येते. दुसरी, स्टोन जाळीवर सपाट ठेवायचा नाही, भट्टीच्या विटांचे, म्हणजे भट्टीला आतून लावतात त्या आच सोसणाऱ्या फायर ब्रिकचे, तीन तुकडे जाळीवर ठेवून त्यावर स्टोन, म्हणजे तो अडीच-तीन इंच वर झाकणाजवळ जातो. विटा कोरड्या हव्यात, साध्या लाल विटेत पाणी मुरलेलं असतं आणि ती तापल्यावर फुटू शकते म्हणून भट्टीच्याच घ्या. तिसरी गोष्ट स्टोनच्या मापाची, आणि ही विकत घेतानाच बघायची. १८ इंची ग्रिलमधे १२ इंचीपेक्षा मोठा स्टोन घेऊ नका. चारी बाजूंनी तीन-तीन इंच मोकळे राहिले तरच हवा वर जाते, पंधरा इंची स्टोन ठेवलात की भांड्याचं तोंडच बंद होतं, कोळसा गुदमरतो आणि झाकणाखाली काही पोचत नाही. कॉम्बो ऑफरमधे हमखास मोठा स्टोन देतात, दिसायला भारी, कामाला उपयोग नाही. १२ इंची स्टोन आणि दहा इंची पिझ्झा, हे माप पक्कं डोक्यात ठेवा.

दोन्ही झडपा पूर्ण उघड्या, वरची पण आणि खालची पण. आच कमी वाटली की लोक वरची झडप बंद करतात "गरम हवा आत राहावी" म्हणून, पण वरून हवा बाहेर गेली नाही तर खालून नवी आत येणार नाही आणि निखारे मंदावतात.

स्टोन कॉर्डिराइटचाच घ्या. हे सिरॅमिक तापल्यावर फारच कमी प्रसरण पावतं, म्हणून एकदम तापलं किंवा निवलं तरी सहसा तडकत नाही, मातीची भांडी भाजायच्या भट्टीत फळ्या याच्याच असतात. कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा वापरू का असं मला दोघातिघांनी विचारलंय, नका वापरू, तापून तडकतो आणि तुकडे उडाले तर डोळ्यात जातील. बिडाचा तवा चालेल का, हा पण नेहमीचा प्रश्न. ओटीजीत चालेल, तिथे तर उत्तमच, कारण लोखंड उष्णता झटकन सोडतं आणि कमी आचेच्या ओव्हनमधे तेच हवं असतं. ग्रिलवर मात्र तोच गुण नडतो, तळ करपतो आणि वरचं कच्चं राहतं. स्टोन हळू सोडतो म्हणून इथे स्टोनच. तो थंड ग्रिलमधे ठेवून ग्रिलसोबतच तापवायचा, तीस-चाळीस मिनिटं, घाई नको. आणि साबणाने कधी धुवायचा नाही, तो साबण पितो आणि पुढच्या पिझ्झाला वास येतो, खरवडायचा आणि पुसायचा, डाग पडतात ते पडू द्यायचे.

झाकणावरच्या काट्याच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. तो झाकणाजवळच्या हवेचं सांगतो, स्टोनचं नाही, आणि आमच्या ग्रिलचा तर हवेचंही धड सांगत नाही, चांगला चाळीसेक अंश कमी दाखवतो. हजार-बाराशेला इन्फ्रारेड गन मिळते, ती स्टोनवर रोखायची आणि आकडा वाचायचा. ३२० ते ३४० झालं की पिझ्झा आत. तीनशेच्या खाली टाकू नका, साडेतीनशेच्या वर गेला असेल तर झाकण उघडून दोन मिनिटं थांबा. माझ्या मते या गनशिवाय ही ग्रिल अर्धवट आहे, बजेट करताना तिचे पैसे आधीच धरा.

कोळसा. ब्रिकेट, म्हणजे भुकटी दाबून केलेले कोळशाचे ठोकळे, घ्यायचे की साधा लाकडी कोळसा, तर मी दोन्ही वापरते. नारळाच्या करवंटीचे ब्रिकेट सावकाश आणि सारखे जळतात, लाकडी कोळसा लवकर पेटतो आणि जास्त तापतो पण टिकत नाही. खाली ब्रिकेटचा थर आणि वर लाकडी कोळसा, मिळून दोन-अडीच किलो, यात चार-पाच पिझ्झे आरामात होतात. ऑनलाइन लाकडी कोळशाच्या छोट्या पिशव्या फार महाग पडतात. त्यापेक्षा आपल्या भागात कोळशाची इस्त्री वापरणारा इस्त्रीवाला असेल तर त्याला विचारा तो कुठून आणतो, अर्ध्या किमतीत पोतं मिळतं. पेटवायला रॉकेल, पेट्रोल, तो बाटलीतला लायटर फ्लुइड काहीही नको, बेसला वास लागतो आणि तो जात नाही. नळकांड्यासारखा चिमनी स्टार्टर मिळतो, त्यात वर कोळसा आणि खाली वाळलेली नारळाची सोडणं किंवा कागद, पंधरा-वीस मिनिटांत सगळे निखारे लाल आणि वर पांढरी राख. सोडणं फेकू नका हो, उन्हात वाळवून ठेवा, याच्याइतकं चांगलं पेटवण नाही. पिझ्झा आत टाकायच्या मिनिटभर आधी मागच्या निखाऱ्यांवर बाभळीची एक पातळ ढलपी टाकायची, ती भडकते आणि ज्वाळा झाकणाखाली जाते, वरचा रंग त्याने येतो. लाकूड कोरडं आणि साधं हवं, रंग लावलेलं किंवा प्लायचा तुकडा अजिबात नको, त्याचा धूर विषारी असतो.

पीठ. इथे सासूबाईंचा हात आहे, त्यांना पाण्याचा अंदाज वजनकाट्यापेक्षा चांगला आहे, पण लिहून द्यायचं तर ५०० ग्रॅम मैदा, ३१० मिली गार पाणी, १२ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट म्हणजे पाव चमच्याच्या जरा वर. बस, साखर नाही तेल नाही. ओटीजीच्या रेसिपीत साखर असते कारण कमी आचेवर रंग आणायला ती मदत करते, सव्वातीनशे अंशांवर तीच साखर आधी करपते. मैदा घेताना पाकिटामागे प्रथिनं बघायची, शंभर ग्रॅमला दहाच्या वर असली तर चांगलं, जेवढी जास्त तेवढं पीठ ताणलं जातं. वाशीच्या एपीएमसीला दाणा बंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, गेलात तर सुटा मैदा स्वस्त मिळतो पण त्याचा आकडा कुठे लिहिलेला नसतो म्हणून पिझ्झापुरता मी पाकिटाचाच घेते. गव्हाचं पीठ मिसळायचं असेल तर पाचवा हिस्सा ठीक, चवीला छानच लागतं, त्याहून जास्त नको, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी कापतात आणि बेस फुगत नाही.

यीस्ट एवढं कमी का, तर आपल्याकडची हवा. परदेशी रेसिपीत वीस-बावीस अंशांची खोली गृहीत धरलेली असते, नवी मुंबईत मे महिन्यात स्वयंपाकघर चौतीसला असतं आणि तिथे पीठ दोन तासांत फसफसून आंबूस होतं. म्हणून मळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, परत थोडं तिंबायचं आणि डबा सरळ फ्रिजमधे, चोवीस तास तरी, अठ्ठेचाळीस झाले तर आणखी उत्तम. थंडीत यीस्ट हळू चालतं आणि तेवढ्या वेळात पिठाला स्वतःची चव येते, हे नुसतं वाचून पटणार नाही पण ताज्या पिठाचा आणि दोन दिवसांच्या पिठाचा पिझ्झा एकाच संध्याकाळी करून खा, परत कधी घाई करणार नाही. पावसाळ्यात मैदा हवेतलं पाणी धरतो, तेव्हा ३१० ऐवजी ३०० मिली. दोनशे-दोनशे ग्रॅमचे चार गोळे करून भाजायच्या दोन तास आधी बाहेर काढायचे, उन्हाळ्यात तासभर पुरतो. "अगं, ओला फडका टाक, वरून सुकतंय ते" हे आमच्याकडे दर वेळी ऐकू येतं आणि ते बरोबरच आहे, सुकलेली साल पसरताना फाटते. लाटणं वापरायचं नाही, बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायचं म्हणजे हवा कडेला जमते आणि तीच कड फुगते.

फळीवरून स्टोनवर सरकवणं हा सगळ्यात धाकधुकीचा भाग. फळीवर बारीक रवा किंवा ज्वारीचं पीठ भुरभुरायचं, मैदा नको, तो ओला होऊन चिकटतो. टॉपिंग फळीवरच घालायचं पण पटापट, पिझ्झा फळीवर मिनिटभरापेक्षा जास्त बसला की चिकटलाच. मधे एकदा फळी हलवून बघायची, सरकतोय ना. आणि मग एक झटका.

सॉसबद्दल फार नाही सांगत. जाड गराचे हायब्रिड टोमॅटो चिरून मीठ लावून चाळणीत ठेवायचे, पाणी निथळलं की हाताने चुरायचे, शिजवायची गरज नाही. गावठी टोमॅटो आंबट आणि पाणचट, ते सारासाठी ठेवा. चीज पाकिटातलं किसलेलं मोझरेला चालतं, पाण्यातलं ताजं मोझरेला वापरायचं असेल तर आदल्या रात्री तुकडे करून फ्रिजमधे चाळणीवर. मशरूम, सिमला मिरची, कांदा हे आधी त्याच ग्रिलवर दोन मिनिटं भाजून घ्यायचं, नाहीतर त्यांचं पाणी पिझ्झावर उतरतं.

बेझिलसाठी मात्र थांबते कारण हे फार जणांना माहीत नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या झाडाचा, ते झाड आणि इटालियन बेझिल एकाच जातीचे आहेत, ऑसिमम बॅसिलिकम. वाण वेगळं म्हणून वास थोडा उग्र, पण सब्ज्याचं बी कुंडीत टाका, काही दिवसांत रोप येतं, आणि पाव किलोची जुडी आणून निम्मी काळी पडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पानं पिझ्झा बाहेर आल्यावर घालायची.

आणि दिवाळ्याची कोळंबी. बेलापूरकरांना सांगायला नको, दिवाळे कोळीवाड्याचा मासळी बाजार इथून हाकेच्या अंतरावर आहे. लहान कोळंबी साफ करून लसूण, हळद, मीठ लावून तव्यावर फक्त गुलाबी होईपर्यंत परतायची, पिझ्झावर टोमॅटो अगदी कमी, चीज कमी, भरपूर लसूण आणि चिरलेली हिरवी मिरची, बाहेर काढल्यावर लिंबू. पेपरोनी-चिकन सॉसेज सगळं एकीकडे आणि हा एकीकडे, मनापासून सांगते.

स्टोन नसेल तर काय, थेट जाळीवर होतो का? होतो, आणि तो वेगळाच प्रकार आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात अल फोर्नो नावाचं रेस्टॉरंट आहे, १९८० मधे जोहान किलीन आणि जॉर्ज जर्मन या जोडप्याने सुरू केलेलं, जाळीवरचा पिझ्झा तिथूनच प्रसिद्ध झाला. पीठ पातळ पसरून त्याला तेल लावायचं आणि थेट तापलेल्या जाळीवर टाकायचं, मिनिटभरात खालून रेघा उमटतात, मग उलटायचं, भाजलेल्या बाजूवर आधी चीज आणि त्यावर सॉसचे ठिपके, आणि कमी आचेच्या कडेला सरकवून झाकण. आपल्या भाकरीचंच गणित आहे, एक बाजू आधी धरू द्यायची आणि मग उलटवून दुसरी. यात फळीवरून सरकवायचं टेन्शन नाही, स्टोन तापायची वाट बघणं नाही, त्यामुळे ग्रिल नवी असेल तर हाच प्रकार आधी करा. बेस कडक आणि धुरकट होतो, कडा मात्र फुगत नाहीत. मुलांना हा जास्त आवडतो, मला स्टोनवरचा.

आता तो कापलेला स्टार. भांड्याचा पत्रा पातळ आहे आणि त्यावर खरं पोर्सिलेन इनॅमल नाही, उष्णतारोधक रंग आहे, जाहिरातीत मात्र इनॅमल म्हणून लिहिलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात, कव्हर घालून आडोशाला ठेवलेली असूनही, पायांचे स्क्रू आणि राखेच्या ताटाची किनार गंजली. बेलापूरची हवा खाडीची, दमट आणि खारट, हे मान्य, पण एवढ्या किमतीत स्क्रू तरी स्टेनलेसचे द्यायला हवे होते. ते मी हार्डवेअरच्या दुकानातून शंभर-सव्वाशेत बदलून घेतले. झाकण भांड्यावर नीट बसत नाही, एका बाजूने फट राहते आणि तिथून धूर येतो. तक्रार केली तर दोन आठवडे "टीमकडे पाठवलंय" आणि मग उत्तरच नाही. जाळी क्रोमची आणि पातळ, विटा आणि स्टोनच्या वजनाने मधे जराशी वाकलीय, अजून चालतेय. कामगिरीत याचा फार फरक पडत नाही, पण दोन-तीन वर्षांत भांडं आतून सोलणार असं दिसतंय आणि ते पाहून वाईट वाटतं कारण डिझाइन चांगलंय. पैसे थोडे जास्त असतील तर खरं इनॅमलवालं घ्या, दुप्पट किंमत पडेल पण टिकेल. फट बुजवायला किंवा आडोसा करायला गॅल्वनाइज्ड पत्रा वापरू नका, त्यावर जस्ताचा थर असतो आणि तो तापला की त्याचा धूर छातीला बाधतो.

खर्च बघा. ग्रिल साडेसात हजारांच्या आसपास, स्टोन दोन हजारांच्या आत, गन, चिमनी स्टार्टर, फळी, लांब चिमटा आणि जाड हातमोजे धरून आणखी तीनेक हजार. बारा-साडेबारा हजारांत सगळं बसतं. गॅसचे छोटे पिझ्झा ओव्हन येतात ते पाचशे अंशांपर्यंत जातात आणि दीड मिनिटात पिझ्झा देतात, फक्त पिझ्झाच करायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ते सरस आहेत हे प्रामाणिकपणे सांगते. पण ग्रिलवर बाकी पण सगळं होतं. शेवटचा पिझ्झा निघाल्यावर निखाऱ्यात बराच जीव शिल्लक असतो, तेव्हा आम्ही भरताची वांगी, कणसं आणि लसणाचे अख्खे गड्डे ठेवतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची सोय होते. गॅसच्या ओव्हनमधे कोळशावर भाजलेलं वांगं कुठून आणणार.

ज्यांना संध्याकाळी सातला भूक लागली आणि साडेसातला जेवायचंय त्यांच्यासाठी हे नाही. पेटवण्यापासून पहिला पिझ्झा बाहेर यायला तास जातो. पाहुणे असतील तर कोळसा आधीच पेटवून ठेवा आणि लोकांना अंगणात उभं करा, एक पिझ्झा निघाला की लगेच कापून वाटायचा आणि स्टोन परत तापायला पाच मिनिटं द्यायची, सगळ्यांनी एकदम टेबलावर बसून जेवायचं हे यात जमत नाही. झाकण सारखं उघडून बघायचं नाही, मधे एकदा पिझ्झा फिरवायला उघडायचं तेवढंच. राख दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची आणि पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत अजिबात नाही, वरून गार दिसली तरी आत निखारा दिवसभराहूनही जास्त जिवंत राहू शकतो.

घेणार असाल तर सप्टेंबरनंतर घ्या, म्हणजे पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा वापरायला मिळतो आणि दिवाळीच्या सुमारास किमतीही उतरतात. खोकं आलं की डिलिव्हरीवाल्यासमोर उघडा, झाकण भांड्यावर ठेवून चारी बाजूंनी फट बघा, आत मोबाइलचा टॉर्च लावला की लगेच कळतं, आणि जास्त फट दिसली तर तिथल्या तिथे परत करा, नंतर कुणी फोन उचलत नाही.